थाळनेरचा किल्ला आणि माणसाचा स्वभाव

शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर हे गाव आहे. एके काळी ही फारुकी सुलतानांची राजधानी होती. त्यांच्या कबरी आणि पडक्या तटाचे अवशेष आजही तेथे दिसतात. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असतील. परंतु तेथे २७ फेब्रुवारी १८१८ रोजी काय घडले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

महिदपूरच्या पराभवानंतर मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. सर थॉमस हिस्लॉप ताबा घ्यायला आला, तेव्हा थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला सोडण्यास नकार दिला. तोफा सुरू झाल्या. पुढे शरणागतीची बोलणी चालू असतानाच दरवाजाशी चकमक उडाली आणि आत शिरलेले दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतील सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. १८१९ साली पार्लमेंटात हिस्लॉपच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीबद्दल तेथेच प्रश्न उठले.

अमेरिकन लेखक कॉरमॅक मॅकार्थी यांची ‘ब्लड मेरिडियन’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. मेक्सिकोच्या सरहद्दीवर १८४९-५० च्या सुमारास एक टोळी इंडियनांच्या डोक्याची केसांसह कातडी सोलून आणी व सरकारकडून तिचे पैसे घेई. पुढे पैशासाठी कोणाचेही डोके चालू लागले. कादंबरीत ‘जज्ज’ नावाचा एक विद्वान, बहुभाषी राक्षस आहे. युद्ध हाच माणसाचा खरा धर्म, असे त्याचे म्हणणे आहे. हे खरे मानावे काय? आम्ही त्याची परीक्षा आपल्या खानदेशच्या मातीवर घेऊ इच्छितो.

कंपनीचे अधिकारी भिल्लांना जन्मजात लुटारू म्हणत. वस्तुतः भिल्ल गावाची जागल करीत, त्यांचे नाईक घाट राखीत आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. १८०२ मध्ये होळकरी फौजांनी मुलूख उजाड केला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. हक्क बुडाले आणि भिल्ल डोंगरांत शिरले. पेशवाईच्या अखेरीस आपल्याच एका सुभेदाराने त्यांना विश्वासाने कोपरगावी बोलावून मोठ्या संख्येने ठार केले. तेव्हा क्रौर्य ही काही केवळ गोऱ्यांची मिरास नव्हे.

१८२५ साली नवी रीत सुरू झाली. लेफ्टनंट औट्रम याने त्याच ‘लुटारूं’तून भिल्ल पलटण उभारली; धरणगाव हे तिचे ठाणे झाले. तो त्यांच्याबरोबर शिकार करी आणि त्यांच्यात मिसळे. इतरांना जमिनी, तगाई आणि जुन्या गुन्ह्यांची माफी मिळाली. थोड्याच वर्षांत तीच माणसे सरकारी खजिन्यावर पहारा देऊ लागली. रक्त तेच, डोंगर तेच, बदलले ते पोट आणि वचन. जज्जाच्या सिद्धान्ताला हे उत्तर पुरेसे आहे, असे येथे म्हणावेसे वाटते.

परंतु इतक्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. सेंधव्याचा घाट राखणारा, कंपनीच्याच चाकरीत राहिलेला खाज्या नाईक १८५७ साली उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणीला लढाई झाली. तीत भिल्ल स्त्रियाही होत्या. लढाईनंतर पकडलेल्यांपैकी कित्येकांना गोळ्या घालण्यात आल्या आणि खाज्या १८६० मध्ये दगाफटक्याने मारला गेला. म्हणजे भाकरी देणाऱ्या हाताने तलवार खाली ठेवलेली नव्हती, ती फक्त म्यान केली होती. भिल्ल शांत झाले की शांत राहणाऱ्यांपुरतेच सरकार दयाळू झाले, हा प्रश्न उरतोच.

जज्ज खोटा आहे. पण पुरता खोटा नाही. हिंसेचे बीज आम्हां सर्वांत आहे. थाळनेरला शिस्तबद्ध पलटणीत ते एका घटकेत उगवले. मात्र बीज म्हणजे पीक नव्हे. कोणाचा हक्क बुडवला, कोणाला आधीच चोर ठरवले आणि दिलेले वचन पाळले की नाही, यावर त्याचे उगवणे ठरते. पुढच्या वेळी कोणत्याही जमातीला कोणी ‘स्वभावतःच गुन्हेगार’ म्हणू लागला, तर आम्ही एवढेच विचारू: त्यांच्या जागलीचे काय केलेत?