रोज किती तास? रियाजाच्या आकड्यांचा छोटासा इतिहास



पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा किंवा नेट-सेटची तयारी करणारे ज्युनिअर्स मला एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, तुम्ही रोज किती तास अभ्यास करायचे?" मी काहीतरी उत्तर देतो. खरं सांगू? ते उत्तर मला स्वतःलाच पटत नाही.

हाच प्रश्न मी आठवीत असताना विचारला होता, पण तबल्याबद्दल. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा हे माझं गाव. आमच्याकडे भजनी मंडळ, पेटी-तबला, सप्ताहात पखवाज आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भभर घरोघरी पोचलेली खंजिरी, एवढं संगीत असतंच. आजोबा मंडळात पखवाज वाजवायचे. मी विचारलं, "आबा, रोज किती तास वाजवायचं?" ते डाव्या बाजूला कणीक लावत होते. मान वर न करता म्हणाले, "घड्याळाकडं पाहून वाजोतं काय रे?"

तेव्हा वाटलं, आबांनी उत्तर टाळलं. आता संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून, लोकांनी स्वतःच्या वेळेबद्दल सांगितलेल्या आकड्यांवर संशोधन करताना कळतंय, की त्यांच्या त्या बोलण्यात मोठा इतिहास होता. तो आज थोडक्यात सांगतो. तुम्हाला पेटी-तबल्याशी काही देणंघेणं नसलं तरी वाचा. शेवटी गोष्ट तुमच्याच टेबलावर येणार आहे.

तासाच्या आधी काय मोजायचे?

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. "रोज किती तास" या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे शिकणं तासांत मोजता येतं. दुसरी म्हणजे दिवसाचा काही भाग शिकण्याचा आणि उरलेला दुसऱ्या कामाचा असतो. जुन्या गुरुकुल पद्धतीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. शिष्य गुरूच्या घरी राहायचा, घरकाम करायचा, गुरूचं गाणं कानावर पडायचं, आणि गुरूची मर्जी लागली की तालीम मिळायची. यातला "रियाजाचा वेळ" कुठून कुठपर्यंत धरायचा?

मोजमाप होतं, पण एकक वेगळं होतं. तंतुवाद्य आणि तबल्याच्या घराण्यांत 'चिल्ला' हा शब्द ऐकू येतो. फारसीत चाळीसला जो शब्द आहे त्यावरून तो आला. सूफी साधक चाळीस दिवस एकांतात बसत. वादकांनी तीच कल्पना घेतली: चाळीस दिवस जगापासून दूर राहून फक्त वाद्य. म्हणजे एकक होतं व्रताचं. काही घराण्यांत दिवा किंवा मेणबत्ती संपेपर्यंत एकच बोल वाजवल्याच्या गोष्टी सांगतात. तिथेही मोजायचा तो निर्धार, मिनिटं नव्हेत.

आमच्या गावात आजही थोडंफार असंच आहे. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत पखवाज खुंटीलाच असतो. सप्ताह लागला की मात्र पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत हात थांबत नाही. याची "रोजची सरासरी" काढता येईल हो, पण त्या सरासरीसारखा एकही दिवस वर्षात सापडणार नाही!

तास आला तो शाळेतून

मग तास कधी आला? आपल्या महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर एक माणूस समोर येतो: पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (1872–1931). कुरुंदवाडचा जन्म, लहानपणी दिवाळीच्या फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, आणि मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. तेही गुरुगृहीच, जुन्या पद्धतीने.

पण 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी जे गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गुरुगृह नव्हतं. ती शाळा होती. ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा, वर्ग. 1908 मध्ये मुंबईला शाखा आली. दुसऱ्या बाजूने पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) वेगळ्या विचारांनी पण त्याच दिशेने जात होते. 1918 मध्ये ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय आणि 1926 मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज त्यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं. पलुसकरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्येच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज तालुक्याच्या ठिकाणची पोरंही 'प्रारंभिक' ते 'विशारद' अशा परीक्षा देतात, त्या यातूनच आल्या.

याचं महत्त्व काय? ज्यांना गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहणं शक्य नव्हतं, अशा मध्यमवर्गीय मुलामुलींना संगीताचं दार उघडलं. ही फार मोठी गोष्ट आहे, माझ्यासारखा त्याच दारातून आत आला. पण वर्ग आला की वेळापत्रक येतं. शाळेतल्या पिरियडला आपण मराठीत 'तास'च म्हणतो, बघा. वर्ग संपल्यावर घरी जायचं, म्हणजे "घरी किती वेळ?" हा प्रश्न आपोआप तयार होतो. आबांकडे तो प्रश्न नव्हता, कारण ते या दारातून आलेच नव्हते.

सोळा तासांच्या गोष्टी

आता गंमत अशी, की एकदा तास हे एकक हातात आलं, की लोकांनी जुन्या उस्तादांची मेहनतही त्याच एककात सांगायला सुरुवात केली. अमुक उस्ताद 12 तास बसायचे, तमुक 16 तास. अमेरिकन अभ्यासक डॅनियल न्यूमन यांनी उत्तर भारतीय संगीतकारांच्या जगण्यावर 1980 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात रियाजावर स्वतंत्र चर्चा आहे. त्यातून मी घेतलेला मुद्दा असा, की रियाजाच्या या गोष्टी म्हणजे नुसती माहिती नसते. घराण्याची शिस्त, गुरूचा मान आणि आपण किती सोसलं हे त्यातून सांगितलं जातं.

म्हणजे त्या खोट्या का? मी तसं म्हणणार नाही. पण साधन म्हणून त्या कशाचा पुरावा आहेत, हे ओळखायला हवं. संख्याशास्त्रात एक जुनी अडचण आहे. आपल्या जनगणनेत वय विचारलं की 30, 35, 40 अशी शून्य आणि पाचवर संपणारी वयं प्रमाणाबाहेर जास्त येतात. लोक खोटं बोलत नसतात, गोल आकडा सांगतात. रियाजाचंही तसंच. "मी रोज 7 तास 20 मिनिटं वाजवायचो" असं सांगणारा कलाकार तुम्हाला भेटलाय का? आकडे येतात ते 8, 10, 12, 16. आकडा इतका गोल असेल तर तो मोजलेला नाही, आठवलेला आहे.

आणि याच परंपरेत उलट बाजूच्याही गोष्टी आहेत, त्या मात्र कमी सांगितल्या जातात. उस्ताद अल्लादिया खाँ (1855–1946), पुढे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी असलेले, जयपूर घराण्याचे अध्वर्यू. उमेदीच्या काळात एका संस्थानात सलग बरेच दिवस गावं लागलं आणि त्यांचा आवाज बसला. तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. जो आवाज उरला त्याला साजेशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. दुसरे कोल्हापूरचेच गोविंदराव टेंबे (1881–1955). 'मानापमान'चं संगीत देणारे, नावाजलेले पेटीवादक. पेटी ते बहुतांशी स्वतःच शिकले, मोठमोठ्यांचं गाणं ऐकत. त्यांच्या त्या ऐकण्याचे तास कुठल्या रकान्यात टाकायचे?

बर्लिनचे तीस व्हायोलिनवादक

आता जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध आकड्याकडे येऊ: 10,000 तास. हा आकडा तुम्ही मोटिव्हेशनल व्हिडिओत ऐकला असेल. त्याचं मूळ 1993 च्या एका शोधनिबंधात आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतले 30 व्हायोलिनवादक घेतले: 10 सर्वोत्तम, 10 चांगले आणि 10 संगीतशिक्षक होण्यासाठी शिकणारे. त्यांनी दोन प्रकारे माहिती घेतली, आणि खरी मेख इथे आहे.

पहिला प्रकार डायरीचा. आठवडाभर काय काय केलं ते रोज लिहायचं. त्यात वरच्या दोन्ही गटांचा एकट्याने केलेला सराव आठवड्याला साधारण 24 तास निघाला, म्हणजे रोज साडेतीन तासांच्या आसपास. शिक्षक गटाचा आठवड्याला 9 तासांच्या आसपास. सराव एका बैठकीत सलग नव्हता, साधारण 80 मिनिटांचे तुकडे आणि मध्ये विश्रांती. वरचे गट दुपारी डुलकीही काढत होते!

दुसरा प्रकार आठवणीचा. लहानपणापासून दर वर्षी किती सराव केला, ते आठवून सांगा. त्यावरून अठराव्या वर्षापर्यंतचे सरासरी तास निघाले 7,410, 5,301 आणि 3,420. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाची सरासरी 10,000 च्या आसपास. 2008 मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकाने त्याचा नियम करून टाकला. सरासरी होती ती. त्या गटातल्या बऱ्याच जणांनीही तोपर्यंत 10,000 गाठले नव्हते.

आता तुम्हीच बघा. डायरीत सर्वोत्तम आणि चांगले यांच्यात फरक नाही. फरक दिसतो तो आठवणीच्या आकड्यात. शिवाय त्या वादकांनी चालू सरावाचा जो अंदाज सांगितला, त्यापेक्षा त्यांच्या डायरीतले तास कमी भरले. चालू आठवड्याचंच असं, तर दहा वर्षांपूर्वीचं काय?

2019 मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी क्लीव्हलंडमध्ये हाच अभ्यास पुन्हा केला. तिसरा गट तासांत मागेच होता, पण सर्वोत्तम गट चांगल्या गटाच्या पुढे नव्हता. म्हणजे सराव लागतोच, पण वरच्या दोन पायऱ्यांमधला फरक तासांनी सांगता येत नाही.

मग कशाने? याचं थोडं उत्तर टेक्सास विद्यापीठातल्या 2009 च्या एका छोट्या प्रयोगात आहे. पियानोच्या 17 विद्यार्थ्यांना एक अवघड तुकडा दिला, हवा तेवढा वेळ सराव करा म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोणी किती मिनिटं घालवली, कितीदा वाजवला, याचा दुसऱ्या दिवसाच्या वाजवण्याशी संबंध लागला नाही. लागला तो चुकीशी. चांगले वाजवणारे चूक झाली की तिथेच थांबत, लय कमी करत, तेवढीच जागा पुन्हा घेत. 17 जणांवरून जग ठरवू नका. पण आमच्या तबल्याच्या गुरुजींना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. "विलंबितात बसल्याशिवाय दुगुन नाही" हे ते रोज म्हणायचे.

माझ्या टेबलावरची गोष्ट

हे सगळं मला उशिरा कळलं. बी.एस्सी.च्या पहिल्या उन्हाळ्यात 10,000 तासांबद्दल वाचून मी वहीत हिशोब मांडला आणि रोज सहा तास तबला सुरू केला. पंधराव्या दिवशी उजव्या मनगटात कळ. डॉक्टरांनी तीन आठवडे हात लावू दिला नाही. वाईट याचं वाटलं, की त्या पंधरा दिवसांत तिरकिट जसा होता तसाच राहिला. वही मात्र भरली होती.

नेटच्या वेळी मी तीच चूक पुन्हा केली. अभ्यासिकेत कोणीतरी टॉपरचं वाक्य चिकटवलं होतं, रोज 16 तास. मी नऊच्या वर कधी जाऊ शकलो नाही, आणि रोज रात्री आपण नालायक आहोत असं वाटून झोपायचो. तबला तेव्हा बंद केला, "वेळ वाया जातो" म्हणून. पहिल्या प्रयत्नात नापास झालो. दुसऱ्या वेळी एका भल्या सिनिअरने आठवडाभर डायरी लिहायला लावली, तेव्हा कळलं की माझ्या नऊ तासांत डोकं लावून केलेला अभ्यास जेमतेम चार तासांचा होता. तेवढाच ठेवला, चुकलेल्या प्रश्नांवर थांबायला शिकलो, आणि संध्याकाळी अर्धा तास तबला परत सुरू केला. पास झालो. अर्थात एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी तासांचा आकडा सांगितला, मग तो उस्तादांचा असो, टॉपरचा असो की माझा, त्याला चार प्रश्न विचारा. हा मोजलेला आहे की आठवलेला? कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितला? या तासांत नेमकं काय धरलंय आणि काय सोडलंय? आणि जे एवढेच तास बसूनही पोचले नाहीत, ते या हिशोबात आहेत का? संशोधनात कुठलाही आकडा हातात आला तरी हेच चार प्रश्न कामाला येतात.

आणि वाद्याचं विचाराल, तर नवीन शिकणाऱ्याला मी सांगतो: रोज बसा, थोडं बसा, चूक ऐकू येते आहे तोवर बसा. ती ऐकू येईनाशी झाली की उठा.

आबा आता वाजवत नाहीत, हात थरथरतो. गेल्या सप्ताहात मी त्यांच्या जागी बसलो. भजन संपल्यावर त्यांनी किती तास रियाज करतोस हे विचारलं नाही. म्हणाले, "समेवर येताना घाई करतं तू." दुसऱ्या दिवशी मी तेवढंच वाजवत बसलो. किती वेळ, ते पाहिलं नाही.