उष्णता इंजिन

उष्णता इंजिन : उष्ण जागेकडून उष्णता घ्यायची, तिच्यातल्या काही भागाचे यांत्रिक कार्य करून घ्यायचे आणि उरलेली उष्णता थंड जागेत सोडून पुन्हा मूळ स्थितीला यायचे, असे चक्र सतत चालवणारे यंत्र. आगगाडीचे वाफेचे इंजिन, मोटारीचे पेट्रोल इंजिन, शेतावरचे डिझेल इंजिन, औष्णिक व अणुविद्युत केंद्रांतली टर्बाइन ही सगळी याच घराण्यातली. उष्णता कोळशाची की युरेनियमची, याने व्याख्येत फरक पडत नाही. या यंत्रांचा अभ्यास करता करता जे शास्त्र उभे राहिले ते ऊष्मागतिकी. शास्त्र आधी आणि यंत्र मागून, हा क्रम इथे उलटा झाला. वाफेची इंजिने शंभरावर वर्षे खाणी उपसत होती, तेव्हा कुठे त्यांचा नियम सापडू लागला.

उष्णता सोडून देणे हा व्याख्येतला शेवटचा भाग सहसा नजरेतून निसटतो. तो पाहायला विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन बरे. हँडल मारून ते सुरू केले की पंपाच्या पाइपातून काढलेल्या बारीक नळीने पाणी इंजिनाच्या अंगात शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. आत जाते ते विहिरीचे गार पाणी, बाहेर येते ते थंडीच्या दिवसांत हात धरून बसावे असे गरम. धुराच्या नळकांड्याला तर हात लावायची सोय नाही. ढोबळ हिशेबाने डिझेलच्या उष्णतेपैकी तिसरा हिस्सा पंप फिरवण्यात जातो. बाकीची पाण्यातून आणि धुरातून निघून जाते. शेतकरी तिला वाया गेलेली म्हणेल, आणि खिशाच्या दृष्टीने ते खरेच आहे. मात्र तिच्यातला मोठा वाटा जगातल्या कोणत्याही कारागिराला वाचवता येणार नाही. पाण्याकडे जाणारी वाट अडवली, तर ती बहुतांशी धुरातून जाईल.

इतिहास : टॉमस न्यूकोमेनने १७१२ मध्ये इंग्लंडमधील डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर पाणी उपसणारे इंजिन बसवले. सिलिंडरात वाफ भरायची, मग आतच गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी होऊन पोकळी पडली की बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते. म्हणजे जोर हवेचा, वाफेचे काम फक्त जागा रिकामी करून देण्याचे. यात सिलिंडर दर फेरीला तापायचा आणि दर फेरीला निवायचा. हे इंजिन कोळसा अक्षरशः गिळत असे. दिलेल्या उष्णतेपैकी जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी कामी येई. कोळशाच्या खाणीवरच ते परवडे, ते यामुळेच.

ग्लासगो विद्यापीठातला या इंजिनाचा एक छोटा नमुना १७६३-६४ च्या सुमारास जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आला. एवढी वाफ जाते कुठे, हा प्रश्न त्याच्या मनात घोळत राहिला. १७६५ मध्ये उत्तर सुचले : गार करण्याचे काम सिलिंडरात करायचेच नाही, वाफ शेजारच्या वेगळ्या भांड्यात नेऊन तिथे निववायची. हे भांडे म्हणजे संघनक. सिलिंडर कायम गरम, संघनक कायम गार. एकस्व मिळाले १७६९ मध्ये. पुढे बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीने कॉर्नवॉलच्या खाणमालकांना इंजिने दिली ती न्यूकोमेनच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या एक-तृतीयांश किमतीच्या बोलीवर. वॉटने वाफेचे इंजिन शोधले असे शाळेत शिकवतात. त्याने गरम आणि गार या दोन बाजू वेगळ्या केल्या, आणि ते काम त्याहून लहान नाही.

कार्नोचा विचार : या दोन बाजूंवर सिद्धांत बांधला तो फ्रेंच लष्करी अभियंता सादी कार्नो (१७९६–१८३२) याने, १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान पुस्तकात. पाणचक्कीची शक्ती जशी पाणी किती उंचीवरून पडते त्यावर ठरते, तशी इंजिनाची शक्ती उष्णता कोणत्या तापमानावरून कोणत्या तापमानाला उतरते त्यावर ठरते. मधला पदार्थ वाफ असो वा हवा. नुसता जाळ पुरत नाही, उतारही लागतो. सर्वांत चांगले इंजिन कोणते, यावर त्याचे उत्तर होते : जे उलटेही चालवता येते ते. त्याहून सरस इंजिन असू शकले असते, तर त्याच्या जोरावर हे उलटे फिरवून उष्णता पुन्हा वर चढवता आली असती आणि वर थोडे कार्य फुकट उरले असते. असे घडत नाही, म्हणून दोन ठरावीक तापमानांमध्ये कार्यक्षमतेची मर्यादाही ठरलेली.

गंमत अशी, की उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे, ही तेव्हाची चुकीची समजूत कार्नोने या पुस्तकात धरली होती, तरी निष्कर्ष टिकला. ती समजूत त्याने स्वतःच नंतर सोडल्याचे त्याच्या मागे राहिलेल्या टिपणांवरून दिसते. ती १८७८ मध्ये छापली गेली. वयाच्या ३६ व्या वर्षी पॅरिसमध्ये तो पटकीने वारला. पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले होते. १८३४ मध्ये क्लापेरॉनने त्यावर लेख लिहिला, म्हणून धागा तुटला नाही.

नियम : पहिला नियम ऊर्जेच्या अक्षय्यतेचा. रॉबर्ट मायर याने १८४२ मध्ये तो मांडला आणि जेम्स जूल याने मोजून दाखवला. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापते ते पाहायचे, असा त्याचा प्रयोग. त्यातून निघालेला दर घरगुती भाषेत सांगायचा तर, २५ अंश सेल्सिअसचे लिटरभर पाणी चहासाठी उकळीला आणायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीत ३२ टन ओझे मीटरभर उचलता येईल. अर्थात ती सगळीच्या सगळी कार्यात उतरवता आली तर.

ती तशी उतरत नाही, हा दुसरा नियम. क्लॉसियसने १८५० मध्ये कार्नो आणि जूल यांची सांगड घातली : दुसरे काही न बदलता उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही. केल्व्हिनने तेच इंजिनाच्या बाजूने सांगितले : एकाच तापमानाच्या साठ्यातून उष्णता घेऊन तिचे पूर्ण कार्य करणारे चक्र चालवता येत नाही. १८६५ मध्ये क्लॉसियसने एन्ट्रॉपी हा शब्द घडवला. पाठ्यपुस्तके एन्ट्रॉपीला ‘अव्यवस्था’ म्हणून मोकळी होतात. इंजिनापुरती ती जमाखर्चाची वही समजली तर जास्त उपयोगी पडते. उष्णतेला निरपेक्ष तापमानाने भागायचे, आणि येणाऱ्या आकड्याची बेरीज घटू द्यायची नाही. औष्णिक केंद्रातली वाफ ५४० अंश सेल्सिअसची, म्हणजे ८१३ केल्व्हिन, आणि संघनक ४० अंशांचा, म्हणजे ३१३ केल्व्हिन धरू. १,००० जूल उष्णता आत आली तर जमा १.२३. तेवढाच आकडा थंड बाजूला जायचा तर निदान ३८५ जूल टाकावेच लागतात. कार्याला उरले फार तर ६१५. हीच कार्नोची मर्यादा :

कार्यक्षमता = १ − (थंड बाजूचे तापमान ÷ उष्ण बाजूचे तापमान)

शून्यावा नियम तापमापकाला आधार देतो. तो तर्काने पहिला, म्हणून बाकीच्यांचे क्रमांक ठरून गेल्यावर त्याला शून्य मिळाले. तिसरा नियम नेर्न्स्टचा, १९०६ चा. निरपेक्ष शून्य गाठता येत नाही, एवढे त्यातून निघते.

प्रत्यक्षातली इंजिने : घर्षण, गळती आणि घाई यांमुळे खरी इंजिने मर्यादेच्या बरीच खाली राहतात. सर्वांत उधळे वाफेचे रेल्वे इंजिन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणाऱ्या इंजिनांच्या घराण्याची कार्यक्षमता शंभर वर्षांनंतरही सामान्यतः दहा टक्क्यांच्या आतच राहिली, कारण संघनक वाहून नेणे सोयीचे नव्हते. वापरलेली वाफ धुराड्यातून सरळ हवेत जाई. झुकझुक हा आवाज तिचाच. रूडोल्फ डिझेलने उलट कार्नोचे चक्रच यंत्रात उतरवण्याचा पण केला. तो सिद्धीस गेला नाही, पण १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाने २६ टक्क्यांच्या आसपास मजल मारली. त्या काळी ती अपूर्व होती. आज वायूची टर्बाइन आणि तिच्या तापलेल्या धुरावर चालणारी वाफेची टर्बाइन जोडून ६० टक्क्यांच्या पुढे जाता येते.

फ्रिज म्हणजे उलटे फिरवलेले उष्णता इंजिन. वीज खर्चून ते उष्णता आतून बाहेर ढकलते. उकाड्यात फ्रिज उघडा ठेवून स्वयंपाकघर गार होत नाही, उलट तापते; आतून काढलेली उष्णता आणि खर्चलेली वीज दोन्ही मागच्या जाळीतून त्याच खोलीत येतात.

कोळशावरच्या केंद्रांना पाण्याची एवढी गरज का, याचेही उत्तर थंड बाजूतच आहे. चंद्रपूरच्या केंद्राला इरई धरणाचे पाणी जाते. कोराडीला नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून दिले जाते. बॉयलरमधले पाणी बंद चक्रात पुन्हा पुन्हा फिरते, त्याची तूट थोडी. मोठा खर्च होतो तो संघनक गार ठेवण्यात. केंद्राजवळून जाताना कमरेत आवळलेले जे रुंद मनोरे दिसतात त्यांतून निघणारा पांढरा लोट पाहून लोक धूर म्हणतात. धूर शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून जातो. मनोऱ्यातला लोट पाण्याच्या बाष्पाचा, आणि केंद्रातून तारांवर जेवढी वीज चढते, तिच्याहून अधिक ऊर्जा त्याच्याबरोबर आकाशात जात असते.