बेने इस्रायली सणांचं जेवण : प्रस्तावना

काय खावं, प्राणी कसा कापावा आणि कशाबरोबर काय शिजवू नये, याचं ज्यू धर्मातलं शास्त्र म्हणजे कोशर. हे शास्त्र मसाल्यांबद्दल काही सांगत नाही, चवीबद्दल तर मुळीच नाही. त्यामुळे पोलंड, येमेन आणि अलिबाग इथल्या ज्यू घरांतले नियम एकच, पण ताटं तीन. त्यातलं अलिबागकडचं, म्हणजे बेने इस्रायलांचं ताट मराठी वाचकाला सगळ्यांत जवळचं, आणि नेमकं त्याच्याबद्दलच आपण फार कमी वाचलेलं असतं.

आधी नियम पाहू. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायला तोरा या ज्यू धर्मग्रंथात तीनदा मनाई आहे. एवढ्यावरून पुढे मांस आणि दूध यांची पूर्ण फारकत झाली. भांडी वेगळी, ताटल्या वेगळ्या. मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ खायला काही समाजांत तीन तास थांबतात, काहींत सहा. प्राणी दुभंगलेल्या खुरांचा आणि रवंथ करणारा हवा. माशाला पर आणि खवले, दोन्ही हवेत. रक्त वर्ज्य, म्हणून मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवायचं आणि शेवटी नीट धुवायचं. काळजातलं रक्त मिठाने निघत नाही, ते विस्तवावर भाजूनच घ्यावं लागतं. वाचकाला इथे सोवळ्याची आठवण होईल, पण त्या वाटेने फार पुढे जाऊ नये. सोवळ्यात प्रश्न मुख्यतः कोणी शिवलं याचा असतो, कोशरमध्ये मुख्यतः काय कशात मिसळलं याचा.

हे नियम कोकणात कसे टिकले, याची एक कथा समाजात सांगितली जाते. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. त्यांचे वंशज गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेले. पुढे दावीद राहबी नावाचा ज्यू गृहस्थ तिथे आला. हे खरोखर ज्यू आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी पर-खवल्यांचे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहबीच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही आणि कथेला पुरावा मागण्यात फारसा अर्थही नाही. मला तिच्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : समाजाची ओळख पटते ती मासे निवडणाऱ्या बायकांमुळे. ज्या किनाऱ्यावर कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या दारात येतात, तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या न घेणं ही काही लहान गोष्ट नाही. म्हणून या स्वयंपाकाचा अभ्यास करताना ताटात काय आहे यापेक्षा काय नाही, हे पाहायची सवय लावून घ्यावी लागते. जे आहे ते बहुतेक सगळं कोकणीच आहे.

मांस-दुधाची फारकत मात्र इथे तितकी जड गेली नाही, याचं श्रेय नारळाला. रश्शाला दाटपणा हवा, मटणाच्या जेवणावर गोड हवं, तर दुधाला हात न लावता दोन्ही गरजा भागतात. नव्या वर्षाच्या सणाचा चिकाचा हलवा पाहा. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून चीक काढायचा. चीक तळाशी बसला की वरचं पाणी ओतून टाकायचं. मग त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात घोटत बसायचं. हात थांबला की गाठी होतात, म्हणून घरातली माणसं आळीपाळीने उलथनं धरतात. गोळा कडेने सुटू लागला की थाळीत थापायचा, वर बदाम-पिस्ते, आणि निवल्यावर वड्या. तूपही टाळलं की कुठल्याही जेवणानंतर चालणारा पदार्थ तयार.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापला गेला थेट १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यात सणांची जुनी मराठी नावं आहेत आणि त्यातली कितीतरी स्वयंपाकघरातून आलेली आहेत. नव्या तांदळाच्या खिरीचा सण आहे. इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाचं, वल्हांडणाचं, नाव तर आंबट रसाचं मडकं झाकून ठेवण्यावरून पडलं, कारण त्या आठ दिवसांत आंबवलेलं काही चालत नाही. यरुशलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण. मोड आलेल्या, सोललेल्या वालांचं बिरडं रायगडात घरोघरी होतं, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या विध्वंसाचं दुःख त्या बिरड्यावर पाळणारे हे एकटेच.

मलिद्याची गोष्ट थोडी वेगळी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात मलिदा होतोच. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहूच्या रथाची खूण सांगितला जाणारा खडक आहे, तिथेही लोक मलिदा घेऊन जातात. दर्ग्यांवरही मलिदा चढतो हे खरं, पण तेवढ्यावर ‘उसना विधी’ असा शिक्का मारणं उथळपणाचं. फळांवर म्हणायचे आशीर्वाद हिब्रू आहेत, क्रम ठरलेला आहे. तसंच शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिवसाच्या, किद्दूशचं. किद्दूश म्हणजे वाइनवर म्हणायचा आशीर्वाद. कोशर वाइन मिळत नव्हती तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, गाळून सरबत केलं गेलं. पुढे वाइन मिळू लागली, तरी अनेक घरांनी सरबत सोडलं नाही.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा इथे आज मराठी जाणणारी स्वयंपाकघरं आहेत. शर्ली आयझेनबर्ग यांचा १९८८चा अभ्यास, एस्तेर डेव्हिड यांचं भारतीय ज्यूंच्या जेवणावरचं २०२१चं पुस्तक, ही महत्त्वाची कामं इंग्रजीत झाली. मूळ साधनं मात्र मराठीत आहेत : वह्या, लग्नाच्या जेवणाच्या याद्या, आजीने तोंडी सांगितलेलं प्रमाण. वाचकांच्या घरात अशी एखादी वही असेल, तर तिची नक्कल करताना वाटी-चिमटीचे कप-चमचे करू नका, आणि कुठला पदार्थ कोणत्या सणाला, मांसाच्या जेवणासोबत की दुधाच्या, हे शेजारी नक्की लिहून ठेवा.