मधाचं बोट

आमच्या घरात कुणी खोकलं, की डॉक्टरांच्या आधी मधाची बाटली बाहेर येते. आजीच्या काळी बरणी होती. फडताळात लोणच्याच्या मागे दडवलेली. आल्याच्या रसात मध घालून आजी चाटण करायची आणि "गिळू नकोस, चाट!" असं दटावायची. खोकला हट्टी असला तर मधातून सितोपलादी. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. ही उतरती भाजणी मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. पुढे गणितात तिचा काडीचा उपयोग झाला नाही. मधासाठी खोटं खोकण्याची विद्या मात्र मी स्वकष्टाने संपादन केली.

मोठेपणी कळलं, की आजी एकटी नव्हती. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास इजिप्तमध्ये लिहिलेल्या एबर्स पपायरसमधल्या कितीतरी औषधांत मध आहे. आपल्याकडे चरकाने मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुताने आठ. आमच्या वाण्याकडे दोनच : महाग आणि संशयास्पद. मध तापवू नये, मध आणि तूप समभाग घेऊ नये, हेही या मंडळींनी तेव्हाच बजावून ठेवलंय.

मधल्या काळात लोकांना आणखी जालीम औषधं हवीशी झाली. १८९८ साली जर्मनीतल्या बायर कंपनीने खोकल्यावर एक नामी औषध बाजारात आणलं. त्याचं नाव हेरॉइन! खोकला थांबायचा, औषध थांबत नसे. मग २००७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डॉक्टरांनी १०५ खोकणारी मुलं घेतली. काहींना झोपताना मध दिला, काहींना मधाच्या चवीचं औषध, काहींना काहीच नाही. आईबापांच्या सांगण्यानुसार मधवाल्यांची रात्र सर्वांत बरी गेली. म्हणजे नकलेपेक्षा अस्सल बरा, हे सिद्ध करायला एवढा खटाटोप! आजीने फुकट सांगितलं असतं.

इतकी विद्वत्ता गाठीशी असताना परवा आमच्या आठ महिन्यांच्या नातवाला खोकला झाला. सौ. बोट मधात बुडवून निघाली, तोच सूनबाई आडवी आली.

"आई, नको! वर्षाच्या आत मध द्यायचा नाही."

"अगं, आपल्यात जन्मल्या जन्मल्या सोन्याने चाटवतात. अहो, सांगा ना हिला!"

मी ऐटीत पुस्तकं काढली आणि वाचता वाचता गप्प झालो. तान्ह्या मुलांचा बॉट्युलिझम हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला आणि पुढे त्याचा माग मधापर्यंत पोचला. मधात क्वचित एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, श्वाससुद्धा अडतो. घरी उकळून हे बीजाणू मरत नाहीत. शंभरांतल्या नव्व्याण्णव बाळांना काही होणार नाही, हे खरं. पण शंभरावं बाळ कुणाचं?

सौ.चं बोट हवेतच राहिलं. "मग याच्या बापाला मी दिला होता तो?" तिचा असा आवाज मी लग्नानंतर प्रथमच ऐकला.

"तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं होतं? चरकालाही कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

सूनबाई काही बोलली नाही. तिने बाळ उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुम्हीच धरा. मी रिक्षा आणते. डॉक्टरांना दाखवून येऊ."

दोघी निघाल्या, तेव्हा सौ.च्या बोटावर मध तसाच होता. तो वाया जाऊ नये म्हणून मी खोकलो. साठ वर्षांनी विद्या कामी आली.

"गिळू नका, चाटा!" सौ. म्हणाली.