गावतळ्यापासून मास्टर्स स्पर्धेपर्यंत

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्याचे आंधळगाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामासाठी ओळखले जात असले, तरी हा सारा प्रदेश तलावांचा आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने धानशेतीसाठी मातीची पाळ घालून बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारावसुलीचे हक्क असलेल्या जमीनदारांकडे, राहिले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले.

पाण्याचा असा शेजार असलेल्या खेड्यापाड्यांत पोहणे शिकवण्याची जुनी रीत अशी, की मुलाच्या कमरेला वाळका पोकळ भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची सांगड बांधून त्याला पाण्यात सोडले जाई आणि हातपाय नीट चालू लागले, की हा आधार काढून घेतला जाई. या शिक्षणात अंतर व वेळ मोजणारा सराव नसल्याने, संसारात सुटलेले पोहणे चाळिशीनंतर शिस्तीने पुन्हा सुरू करण्याची वाट त्यातून निघत नव्हती.

ती वाट अमेरिकी नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांच्या पुढाकाराने मोकळी झाली. मे १९७० मध्ये टेक्सासमधील अमरिलो येथे पहिली राष्ट्रीय ‘मास्टर्स’, म्हणजे प्रौढांची, जलतरण स्पर्धा झाली आणि १९८६ मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा भरली. पंचविशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडल्याने पन्नाशीतल्या जलतरणपटूची स्पर्धा विशीतल्याशी न होता समवयस्कांशी होते. बालपणी अंगवळणी पडलेले हात मारण्याचे तंत्र बरेचसे टिकून राहते. दमसास आणि खांद्याची लवचिकता मात्र घटलेली असल्याने प्रौढांच्या प्रशिक्षणात अंतर हळूहळू वाढवले जाते.