सुभेदारांनी सत्काराला आधी नकार दिला होता

दहावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत आपल्या साताऱ्यात गुणवंतांच्या सत्काराचा हंगाम सुरू होतो. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत फ्लेक्स लागतात. वर साहेबांचे मोठे फोटो, खाली पोरांचे पासपोर्ट साइज. गुलाबपुष्प, ट्रॉफी, दोन भाषणं, फोटो, चहा. याला नावं ठेवायला मी ही पोस्ट लिहीत नाहीये. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावी झालंय, त्या घराला त्या पाच मिनिटांचं किती अप्रूप असतं हे मी जवळून पाहिलंय. पण साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत झालेल्या एका सत्काराची गोष्ट सांगायची आहे. त्या पोराची शाळा आपल्याच गावात सुरू झाली होती, म्हणून ती आपल्याला माहीत असायलाच हवी. थोडं लांबलंय, पण पूर्ण वाचा.

7 नोव्हेंबर 1900. राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी हे नाव पटावर चढलं. राज्य सरकारने 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचं ठरवलं, ते याच नोंदीमुळे. वर्गात बसायला वेगळी जागा, पाण्याला हात लावायची बंदी, हे सगळं आपण वाचलेलं असतं. पुढे सुभेदार रामजी सकपाळ कुटुंब घेऊन मुंबईला गेले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार मांडला. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले.

त्या खोलीत अभ्यास कसा व्हायचा? पोरगं लवकर झोपायचं. रामजी रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले, तर लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. उसने मागायचे, नाहीतर त्यांचा एखादा दागिना आणून गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. त्या बहिणींचा सत्कार कुणी केला नाही, पण भीमरावांच्या पुस्तकांत त्यांच्या अंगावरचं सोनं आहे.

आता सत्काराकडे येतो. याच्या दोन हकिकती आहेत. धनंजय कीरांच्या चरित्रात हा सत्कार 1907 साली, मॅट्रिक पास झाल्यावरचा आहे. अध्यक्ष सीताराम केशव बोले, आणि सभेत बोलायला कृष्णराव अर्जुन केळुसकर. खुद्द बाबासाहेबांनी 1956 मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र इंग्रजी चौथीची परीक्षा आणि अध्यक्ष म्हणून दादा केळुसकर असं सांगितलंय. पन्नास वर्षांमागची आठवण, साल-इयत्ता इकडची तिकडे होणारच. केळुसकरांची भेट मात्र दोन्हीकडे तीच आहे. आणि बाबासाहेबांच्या हकिकतीत एक तपशील असा आहे की मी तो वाचून थांबलोच.

समाजातली मंडळी सभा घ्यायची म्हणून रामजींची परवानगी मागायला गेली. आपल्यातला पोरगा इथवर पोचला याचाच त्यांना केवढा अभिमान. रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, म्हणाले. त्याने परीक्षा पास केलीय, त्यापलीकडे काय केलंय? मंडळी हिरमुसली, पण गप्प बसली नाहीत. रामजींचे स्नेही असलेल्या केळुसकरांना त्यांनी मध्ये घातलं. केळुसकरांनी समजूत काढली, तेव्हा कुठे सभा झाली.

बघा, रात्री दोनपर्यंत जागणारा बाप सत्काराला नको म्हणतोय. त्याला पोराचं कौतुक नव्हतं असं कोण म्हणेल? त्याचं म्हणणं एवढंच की मार्क पडले म्हणजे काम झालं असं नाही. काम अजून व्हायचंय.

मार्कांचंही सांगतो. मॅट्रिकला भीमरावांना 750 पैकी 282 पडले. म्हणजे शेकडा 38 सुद्धा नाहीत. तेव्हाचं मॅट्रिक आणि आजची दहावी यांची तुलना करू नये हे खरं. पण आजच्या कुठल्या फ्लेक्सवर हा फोटो लागला असता का, हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. त्या मंडळींनी आकडा पाहिला नाही. पोरगं कुठून निघून कुठवर आलंय ते पाहिलं.

त्याच मुंबईत तेव्हा मॅट्रिकच्या मुलांसाठी मानाची एक शिष्यवृत्ती होती. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, संस्कृतसाठी. 1912 साली रोह्याकडच्या एका मुलाने मॅट्रिकला विद्यापीठात पहिला येऊन ती मिळवली. तो मुलगा म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे सीडी. त्या मानाचं त्यांनी सोनं केलं, यात शंका नाही. पण भीमरावांना त्या मानासाठी साधं इच्छुकही होता आलं नाही. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या जिद्दीने शिकले. हे दोघे नंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात शेजारी बसले. गुणवत्ता यादीत कोण आलं हे आपण बघतो, यादीच्या दारातच कुणाला अडवलं होतं ते बघायचं राहून जातं.

परत सभेकडे. केळुसकर हे शाळामास्तर आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक पोरगा एकटाच वाचत बसतो, हे त्यांनी आधीच हेरलं होतं, त्याची चौकशी केली होती, वाचायला पुस्तकं दिली होती. सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. एका पुस्तकामुळे पुढचं धर्मांतर झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण बुद्धाकडे कसा वळलो हे सांगताना बाबासाहेबांनीच त्या भेटीपासून सुरुवात केलीय.

पण केळुसकरांचं मोठेपण पुस्तकात नाही, त्यानंतर आहे. भीमराव कॉलेजात इंटरपर्यंत पोचले आणि रामजींच्याने फी झेपेना. तेव्हा हे मास्तर गप्प बसले नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करायची तयारी जाहीरपणे दाखवली होती. केळुसकरांनी ती लक्षात ठेवली, महाराजांची भेट मिळवली आणि पोराला घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं पटली, महिना 25 रुपये सुरू झाले. सभा झाल्यावर काही वर्षांनी, कुणी हार घालत नसताना, फोटो निघत नसताना, तोच माणूस त्याच पोरासाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहिला. माझ्या मते खरा सत्कार तो.

त्या 25 रुपयांवर बी.ए. झालं. 1913 मध्ये बडोद्यानेच कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. पण 1917 मध्ये परत येऊन बडोद्यात रुजू झाल्यावर काय झालं? एवढ्या शिकलेल्या माणसाला शहरात राहायला खोली मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. राजाने शिष्यवृत्ती दिली होती, गावाने माणूस म्हणून जागा दिली नाही. एका हुशार पोराला वर उचलून भागत नाही, त्याच्या भोवतीचं गावही बदलावं लागतं, हा त्याचा अर्थ.

त्या सभेच्या अध्यक्षांचंही ऐकून ठेवा. कीरांनी ज्यांचं नाव दिलंय ते बोले पुढे मुंबई कायदेमंडळात गेले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा 4 ऑगस्ट 1923 चा ठराव त्यांचाच. महाड नगरपालिकेने त्या आधारावर चवदार तळं खुलं केलं आणि ते कागदावरच राहिलं म्हणून 1927 चा सत्याग्रह झाला. पोराच्या गळ्यात हार घालून अध्यक्ष घरी गेले नव्हते.

आणि ज्याचा सत्कार झाला त्याने काय केलं? 1925 च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. 1944 मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी लावून धरलेली अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती केंद्र सरकारने सुरू केली. आज आपली पोरं महाडीबीटीवर जो फॉर्म भरतात, त्याचं मूळ तिथे आहे. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज. परीक्षा पास झालाय, त्यापलीकडे काय केलंय, हा बापाचा प्रश्न जणू आयुष्यभर कानात होता. म्हणूनच 18 मार्च 1956 ला आग्र्याच्या सभेत त्यांनी जाहीर खंत बोलून दाखवली की शिकलेली माणसं समाजाच्या कामाला येतील असं वाटलं होतं, ती स्वतःचं पोट भरण्यातच गुंतली. हे ऐकायला कडू आहे. मी सुद्धा त्या शिकलेल्यांतलाच, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं मला म्हणता येत नाही.

आता परत साताऱ्यात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आणि 1940 ला रयतने साताऱ्यात हायस्कूल काढलं, त्याला नाव दिलं महाराजा सयाजीराव हायस्कूल. कमवा आणि शिका या तत्त्वावर तिथे पोरं शिकली. म्हणजे ज्या राजाचे 25 रुपये परळच्या खोलीत पोचले, त्याचंच नाव आपल्या गावातल्या शाळेवर आहे. आपण रोज त्या पाटीखालून जातो.

कर्मवीरांच्या बोर्डिंगात हुशारी आणि समाजसेवा ही दोन वेगळी बक्षिसं नव्हती. ज्याने सकाळी शेतात माती ओढली, दुसऱ्या जातीच्या पोराच्या ताटात भाकरी वाढली आणि मग वर्गात जाऊन पहिला नंबर काढला, तो गुणवंत. आज आपण टक्के मोजतो, कारण टक्के मोजायला सोपे. घरातली म्हातारी सांभाळून, धाकट्याचा अभ्यास घेऊन, पहाटे दुधाच्या किटल्या पोचवून 61 टक्के पाडणारी पोरगी आपल्या यादीत येतच नाही.

म्हणून यंदा ज्या मंडळांना, पतसंस्थांना, माजी विद्यार्थी संघांना सत्कार करायचाय त्यांना चार गोष्टी सुचवतो. पटल्या तर घ्या.

एक, यादी करताना शाळेतल्या शिपायांना आणि वर्गशिक्षकांना विचारा, कुठलं पोर कशातून शिकतंय. त्यांना टक्क्यांपलीकडचं माहीत असतं.

दोन, ट्रॉफीऐवजी अकरावीची पुस्तकं किंवा एसटीचा पास द्या. ट्रॉफी टीव्हीवर धूळ खात राहते.

तीन, सत्काराच्या मांडवातच एक टेबल टाका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, शिष्यवृत्तीचा फॉर्म, ही कामं तिथे बसून करून द्या. कितीतरी पोरांचा हक्काचा पैसा एका कागदावाचून अडतो.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सत्कार केलेल्या प्रत्येक पोराच्या नावापुढे मंडळातल्या एका माणसाचं नाव लिहा. त्या माणसाने पुढची दोन वर्षं, बारावीपर्यंत, महिन्यातून एकदा त्या घरी जाऊन यायचं. फी भरली का, कॉलेजला जातोय का, पोरीचं लग्न तर ठरवत नाहीत ना. बस्स, एवढंच. केळुसकरांनी याहून फार वेगळं काही केलं नव्हतं.

आमच्या पेठेत मी यंदा दोन नावं माझ्यापुढे लिहून घेतलीत. तुमच्या गल्लीतली यादी तयार झाली की खाली सांगा. पोरांची नावं टाकू नका, त्यांच्यामागे कोण उभं राहणार, त्याचं तेवढं लिहा.