लिंकनच्या मारेकऱ्याला गोळी घालणारा टोपीवाला

अब्राहम लिंकन यांना जॉन विल्क्स बूथने मारलं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बूथला कोणी मारलं? टोप्या बनवणाऱ्या एका कारागिराने!

बोस्टन कॉर्बेटचा जन्म १८३२ चा, लंडनचा. लहानपणीच तो अमेरिकेत आला आणि हा धंदा शिकला. तेव्हा फेल्टच्या टोपीसाठी सशाच्या केसांना पाऱ्याचं द्रावण लावत. त्याची वाफ वर्षानुवर्षं नाकात गेली की हात थरथरायचे, माणूस चिडका आणि संशयी व्हायचा. कॉर्बेटच्या विचित्र वागण्यामागे हाच पारा असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. १८५८ मध्ये तर त्याने मोह टाळण्यासाठी कात्रीने स्वतःचंच खच्चीकरण केलं होतं.

यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला. अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध कैदी छावणीतूनही जिवंत सुटला. २६ एप्रिल १८६५ ला बूथ व्हर्जिनियातल्या एका कोठारात सापडला. त्याला जिवंत पकडायचं होतं, पण कॉर्बेटने फटीतून गोळी झाडली. शिक्षा सोडाच, बक्षिसातले सुमारे १,६५३ डॉलर मिळाले.

१८८७ मध्ये कॅन्सस विधानसभेत द्वारपाल असताना त्याने पिस्तूल उपसलं आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. १८८८ मध्ये तिथून तो पळाला. मेक्सिकोला जातो म्हणाला, तो पुन्हा दिसलाच नाही. १८९४ च्या मिनेसोटातल्या हिंक्ली वणव्यात तो गेला असं म्हणतात, पण त्याचा ठोस पुरावा नाही.